शून्यबिंदूपाशी रेषांचं काय होतं

प्रिय निखिल,

तुझा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. पुनर्जोडणीत, म्हणजे चुंबकीय रेषा आपले जोडीदार बदलतात त्या घटनेत, एखादी रेषा तुटत असेल तर क्षणभर तरी तिला मोकळं टोक यायला हवं. आणि चुंबकीय रेषेला टोक नसतं हे तर आपण पहिल्यापासून शिकत आलो. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

टोक कधीच येत नाही, हे आधी पक्कं धर. प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, उत्तम वाहक असल्यामुळे क्षेत्ररेषा त्यात गोठल्यासारख्या वाहतात, हे भौतिकशास्त्रज्ञ आल्वेन यांनी १९४० च्या दशकात दाखवलं. उलट दिशांची क्षेत्रं एकमेकांवर रेटली गेली, की मधे विद्युतप्रवाहाचा अतिशय पातळ थर तयार होतो, तीच करंट शीट. तिथेच ही बांधिलकी सुटते. कागदावरच्या द्विमितीय चित्रात दोन रेषा फुलीच्या आकाराच्या बिंदूपाशी भेटतात आणि जोडीदार बदलून निघून जातात. त्या बिंदूवर क्षेत्रच शून्य असतं (म्हणून तो शून्यबिंदू), त्यामुळे तिथे दिशाही नाही आणि टोकही नाही.

स्वीट आणि पार्कर या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात पुनर्जोडणीचा वेग काढला. त्या हिशेबाने एका सौरज्वालेला, म्हणजे सूर्यावरच्या अचानक ऊर्जास्फोटाला, महिने लागायला हवेत, प्रत्यक्षात मिनिटं पुरतात. लांब शीट स्वतःच अस्थिर होऊन तिचे तुकडे पडतात आणि वेग वाढतो, एवढं सध्या पुरे.

मला खरी ओढ आहे ती तीन मितींची. शून्यबिंदूभोवतीचं सगळ्यात साधं क्षेत्र घे: आडव्या दोन्ही दिशांत ते अंतराच्या प्रमाणात बाहेर वाढतं, उभ्या दिशेत त्याच्या दुप्पट प्रमाणात आत येतं. एक अधिक एक उणे दोन, बेरीज शून्य. ती शून्य यावीच लागते, कारण चुंबकीय रेषा कुठे उगम पावत नाही की संपत नाही. म्हणूनच एका दिशेत जाणारा ‘कणा’ आणि त्याला छेदणारा, सपाट पसरलेला ‘पंखा’, अशी रचना आपोआप होते. रेषा कण्यालगत दोन्ही बाजूंनी शून्यबिंदूकडे येतात आणि पंख्यालगत चहूकडे पांगतात.

सूर्यावर हे डोळ्यांना दिसतं. सूर्यपृष्ठावर एका चुंबकीय ध्रुवतेच्या (उत्तर किंवा दक्षिण) ठिपक्याभोवती विरुद्ध ध्रुवता असेल तर पंखा घुमटासारखा वाकतो. ज्वाला उठली की वेगवान इलेक्ट्रॉन रेषांवरून खाली धावतात आणि घुमट जिथे टेकतो तिथे तेजस्वी वर्तुळ उमटतं. आतल्या कण्याच्या पायथ्याशी आणखी एक उजळ डाग, बाहेरच्या कण्याच्या पायथ्याशी दूर कुठेतरी तिसरा. मला तर ही साक्ष फार सुंदर वाटते.

आता कणा जरा ढकल. कणा आणि पंखा यांच्यातला कोन आवळतो, आणि शून्यबिंदूभोवती करंट शीट उभी राहते. तिच्यातून जाणाऱ्या रेषेचा सूर्यपृष्ठाकडचा भाग धरून माग काढ: शीटपलीकडे ती क्षणोक्षणी नव्याच प्लाझ्माशी जोडलेली आढळेल. पलीकडून माग काढलास तर निराळीच रेषा हाती येईल. दोन तुटल्या आणि दोन जुळल्या, असा हिशेब इथे चालत नाही. जोडणी अखंड बदलत राहते. पाठ्यपुस्तकांनी फुलीचं चित्र दाखवून तिथेच थांबू नये, असं मला मनापासून वाटतं. हेसे आणि शिंडलर या शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये कसोटी दिली ती हीच: रेषेच्या दिशेने असलेल्या विद्युतक्षेत्राची रेषेभर बेरीज शून्य नसेल, तर पुनर्जोडणी होते. त्यासाठी शून्यबिंदूही लागत नाही.

आणि हे नुसतं गणित नाही. क्लस्टर या युरोपीय अंतराळ मोहिमेच्या चार यानांनी पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीत (सूर्याच्या विरुद्ध बाजूला लांबलेल्या तिच्या चुंबकीय क्षेत्रात) असा शून्यबिंदू टिपल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. चारच का? एका यानाने क्षेत्र कळतं; ते तिन्ही दिशांत कसं बदलतं हे कळायला आणखी तीन लागतात.

वर दिलेलं क्षेत्र घेऊन दहा-बारा रेषा संगणकावर काढ. मग पंख्याला समांतर थोडा विद्युतप्रवाह मिसळ, आणि कोन किती आवळला ते कळव.

तुझाच,
समीर