विषय: मास्क लावलेल्या बिटवर स्क्रीनवरचं अ‍ॅनिमेशन चालत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

जळगाव जिल्ह्यातल्या धरणगाव तालुक्यात आमची जिनिंग-प्रेसिंग आहे. चोवीस डबल रोलर जिन, सरकीचे कन्व्हेयर, प्रेस, सगळ्यांचा स्क्रीन तुमच्या सॉफ्टवेअरवर चालतो. दिवाळीआधी, कापसाची आवक वाढण्यापूर्वी, तुमच्या इंजिनिअरने त्यावर नवी आवृत्ती टाकली. गेल्या हंगामात बिनतक्रार चाललेले तेच स्क्रीन तेव्हापासून चुकीचं दाखवत आहेत.

मागच्या आठवड्यात जिनांखालच्या सरकीच्या स्क्रू कन्व्हेयरचं कपलिंग तुटलं. मोटार फिरत राहिली, स्क्रू थांबला. शाफ्टवरच्या सेन्सरने ते ओळखलं, पीएलसीने (यंत्रं चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाने) स्टेटस वर्डमधला, म्हणजे यंत्राची स्थिती सोळा बिटांत सांगणाऱ्या संख्येतला, बिट 4 (किंमत 16) चालू केला. स्क्रीनवर मात्र हिरवा स्क्रू फिरतच होता. सरकी साचत साचत शेवटच्या जिनांपर्यंत चढली. जळका वास आल्यावर कामगारांनी ओरडून लाइन बंद करवली. सेन्सरवर रुईचे तंतू बसून कधी कधी खोटी सूचना येते, म्हणून लाइन आपोआप बंद न करता ऑपरेटरने लाल लुकलुक पाहून निर्णय घ्यायचा, अशी इथली पद्धत आहे. ती लुकलुक झालीच नाही. जिनिंगमध्ये आग किती झपाट्याने पसरते हे खान्देशात कुणाला सांगावं लागत नाही.

त्यानंतर मी स्वतः तपासणी केली. त्या वेळी स्टेटस वर्ड 21 होता: मोटार चालू 1, ऑटो मोड 4, शाफ्ट थांबला 16. मास्क 16 लावला, म्हणजे 16 किमतीचा बिट ठेवून बाकीचे झाकले, की उत्तर 16 येतं. ते शून्य नाही, म्हणजे अट पूर्ण झाली आणि लाल अ‍ॅनिमेशन लागायला हवं. तुमची नवी आवृत्ती मात्र मास्क लावल्यावर आलेलं उत्तर 1 आहे का, एवढंच बघते असं दिसतं. मास्क 1 चालतो. 2, 4, 8, 16 यांपैकी एकही चालत नाही. पीएलसीत हाच बिट चार घरं उजवीकडे सरकवून स्क्रीनला दिला की लुकलुक लगेच सुरू होते. तुमच्या डेमोत फक्त ‘मोटार चालू’ हा बिट 0 दाखवतात, त्यामुळे तिथे हा दोष कधी दिसणारच नाही.

हे सगळं फोनवर सांगितल्यावर आधी उत्तर मिळालं की तुमचा मास्क चुकलाय. मग सल्ला मिळाला की प्रत्येक बिटसाठी वेगळा टॅग (स्क्रीन पीएलसीतून वाचतो ते एकेक मूल्य) करा. आज प्रत्येक जिनला एक असे 24 टॅग लागतात. सहा-सहा बिट सुटे केले तर 144 होतात. तुमचं लायसन्स टॅगच्या संख्येवर आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमधल्या दोषासाठी मोठं लायसन्स आम्ही विकत घ्यावं, हे मला अजिबात मान्य नाही.

दुरुस्ती करताना अट ‘शून्याहून मोठं’ अशी ठेवू नका, ‘शून्य नाही’ अशीच ठेवा. आमचा इमर्जन्सी स्टॉप बिट 15 वर आहे. सोळा बिटांच्या चिन्हांकित (धन-ऋण दोन्ही मोजणाऱ्या) पूर्णांकात तो -32768 असा वाचला जातो, आणि ‘शून्याहून मोठं’ म्हटलं की नेमका तोच निसटेल.

ही दुरुस्ती विनामूल्य द्यावी. तोवर जुनी आवृत्ती परत बसवून द्यावी, तीही हंगाम चालू असताना, कारण गठाणींची भरती थांबवून आम्हाला वाट पाहता येणार नाही. शिवाय ही आवृत्ती ज्या ज्या ग्राहकांकडे गेली आहे, त्या सर्वांना या दोषाची लेखी सूचना द्यावी. आमच्या पट्ट्यातल्या जिनिंग, डाळ मिल आणि तेल गिरण्यांमध्येही असेच स्क्रीन असतात, आणि तिथले ऑपरेटरही हिरवा रंग पाहूनच निर्धास्त होतात.

स्टेटस वर्डच्या नोंदी आणि स्क्रीनचे फोटो सोबत जोडले आहेत. उत्तर लेखी हवं, फोनवर नको.

आपला,
देखभाल विभाग प्रमुख
जिनिंग-प्रेसिंग युनिट, ता. धरणगाव, जि. जळगाव