संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र : रायफलीच्या रेलमध्ये करंट आणा, पण ड्रॉइंग खुलं ठेवा

मा. श्री. राजनाथ सिंह यांस,
संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

भोसरी एमआयडीसीत माझा छोटा कारखाना आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी कापाईची यंत्रं), तीन लेथ, अकरा माणसं. पोटाचं काम म्हणजे चाकणच्या गाड्यांचं जॉबवर्क, पण गेली काही वर्षं टॉर्च आणि दुर्बिणींचे माउंटही, म्हणजे त्यांना रायफलीवर पकडून ठेवणाऱ्या बैठकी, करतो. रायफलीला आम्ही हात लावत नाही. तसा परवाना नाही, आणि मला तो नकोही. रायफलीच्या अंगावर जे बसतं तेवढंच आमचं, आणि हे पत्र त्याच सामानाबद्दल आहे.

माझा मेहुणा सुभेदार म्हणून निवृत्त झाला. दिवाळीत फराळाला बसल्यावर मी त्याला सहज विचारलं, एका हत्यारावर सेल किती लागतात? त्याने चकलीचे तुकडे ताटात मांडून दाखवले. टॉर्चला हे दोन जाडे, लेझरला हा एक, रात्रीच्या दुर्बिणीला हे पेन्सिल सेल, नेम धरायच्या लाल ठिपक्याच्या साइटला हे बटण. चार वस्तू, तीन जातींचे सेल. गस्तीवर निघण्याआधी सगळे बदलायचे. जुन्यात किती जीव उरलाय हे कोण बघत बसणार? अर्धे भरलेले सेल डब्यात जातात आणि नवे खिशात.

आता रेल. हे सामान जिच्यावर बसतं ती रायफलीवरची दातेरी पट्टी १९९५ साली अमेरिकी लष्कराने प्रमाण म्हणून ठरवली आणि न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी आर्सेनलचं नाव तिला चिकटलं. खाचेची रुंदी ५.२३ मिलिमीटर, एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेचा मध्य १०.०१ मिलिमीटर. आमच्याकडे नुकताच लागलेला आयटीआयचा पोरगाही हे आकडे झोपेत सांगेल. ही पट्टी जगभर पसरली ती धातूच्या गुणाने नव्हे, ड्रॉइंग उघडं होतं म्हणून. भोसरीत कापलेला माउंट कुठल्याही देशाच्या रेलवर बसतो.

पुढची पायरी म्हणजे करंट असलेली रेल. बॅटरी एकच, दस्त्यात किंवा मुठीत. रेलवर ठरावीक अंतरावर संपर्काचे ठिपके, आणि सामान जिथे बसेल तिथून वीज घेईल. पुढे त्याच वाटेने माहितीही जाऊ शकते, म्हणजे दुर्बिणीला दिसतं ते रेडिओपर्यंत. नाटोने यासाठी स्टॅनॅग ४७४० हे प्रमाण केलेलं आहे. म्हणजे कल्पना हवेतली नाही.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण आपल्या खरेदीत आहे. सिग ७१६ रायफली २०१९ मध्ये ७२,४०० घेतल्या, २०२४ मध्ये आणखी ७३,०००. अमेठीजवळ कोरव्याला एके-२०३ सहा लाखांवर व्हायच्या आहेत. सव्वाचार लाख सीक्यूबी (जवळच्या लढाईच्या) कार्बाइन घ्यायच्या ठरल्या, आणि त्यातला मोठा वाटा पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेच्या आराखड्यावर आमच्या पुण्याचीच भारत फोर्ज बनवणार आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिगसाठी रात्रीच्या साइट्सचा ६५९ कोटींचा करार झाला. हत्यारं आली, त्यांच्यावरचं सामानही येतं आहे. यातली कुठलीच वस्तू पाच-दहा वर्षांत भंगारात जाणार नाही, जाऊही नये. त्यामुळे नवी स्मार्ट रायफल कधी येईल हा माझ्या लेखी दुय्यम प्रश्न आहे. आज हातात असलेलं सामान उद्याच्या रेलवर कसं चालवायचं, ते आधी ठरवायला हवं.

यात आम्ही स्वतःच्या खर्चाने थोडे हात पोळून घेतले आहेत, ते सांगतो.

पहिला विचार कुणालाही सुचेल तो. दुर्बिणीखाली एक ठोकळा घालायचा, ठोकळा रेलमधून वीज घेईल. ठोकळा झाला नऊ मिलिमीटर उंच. मेहुण्याला दाखवला तर तो हसायलाच लागला. "भावजी, नळीपासून दुर्बीण नऊ मिलिमीटर वर गेली. झिरो गेला, म्हणजे जुळवलेला नेमच गेला, गाल टेकायची जागा गेली. आता पलटणीतल्या प्रत्येक रायफलीचा झिरो पुन्हा कोण करणार, तुम्ही?" ठोकळा अजून माझ्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून.

मग आतून जायचं ठरवलं. टॉर्चमध्ये सीआर१२३ जातीचा सेल बसतो, १७ मिलिमीटर व्यासाचा, साडेचौतीस लांब. तेवढ्याच मापाचा खोटा सेल डेलरिन या कडक प्लास्टिकमधून लेथवर काढला, दोन्ही टोकांना पितळ, आणि पोटात व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट. मोठ्या बॅटरीचं व्होल्टेज आत येतं, बाहेर पडताना तीन. टॉर्चचं झाकण तेवढं बदललं आणि त्यातून चपटी वायर रेलवरच्या चिमट्याकडे नेली. माउंट जागचा हलत नाही, झिरोही जात नाही. पेन्सिल सेलच्या दुर्बिणीलाही हेच चालतं. बटण सेलच्या साइटला मात्र नाही. ३.२ मिलिमीटर जाडीत सर्किट मावत नाही, आणि चांगली लाल ठिपक्याची साइट एका बटणावर वर्षानुवर्षं जळते. तिला रेलवर आणण्याचा अट्टहास करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कागदावर ती कितीही 'स्मार्ट' दिसली तरी.

खरा त्रास दिला तो संपर्काने. रायफलीचा धक्का आम्हाला मिळणार नव्हता, म्हणून हवेच्या सिलिंडरवर एक हातोडी बसवली आणि नकली रेलवर ठोके द्यायला लावलं. दोनेक हजार ठोक्यांनंतर टॉर्च मिचमिचू लागली. वायर शाबूत, सर्किट शाबूत. ठिपका भिंगाखाली धरला तर कथलाच्या मुलाम्यावर काळपट भुकटी. चिमटा घट्ट होता, तरी प्रत्येक ठोक्याला केसाइतका सरकत होता. त्या घासण्याने कथिल उडतं, त्याचा ऑक्साइड होतो आणि तोच करंट अडवतो. गाड्यांच्या कनेक्टरमध्ये हा रोग आम्ही रोज बघतो, पण इथे तो दुपारच्या चहाच्या आत झाला. उपाय म्हणजे निकेलवर सोन्याचा मुलामा आणि मागे स्प्रिंगची पिन. पहिला मुलामेवाला सापडला तो दागिन्यांचा. मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये सांगितल्यावर त्याने विचारलं, "चमक पाहिजे का टिकायला पाहिजे?" दोन्ही एका भावात नसतं, हे तेव्हा कळलं.

पावसाचंही बघावं लागतं. उघड्या ठिपक्यांवर पाणी बसलं आणि त्यांत वीज खेळत असली की धातू खाल्ला जातो, बॅटरीही उगाच झिरपते. म्हणून सामान नीट बसलंय याची खात्री होईपर्यंत रेल मेलेलीच राहिली पाहिजे. हे प्रमाणातच लिहिलेलं हवं, कारागिराच्या मर्जीवर नको.

आणि थंडी. साधा अल्कलाइन सेल उणे वीसला जवळजवळ मान टाकतो. लिथियमचा एकदाच वापरायचा सेल तग धरतो. चार्ज करायची लिथियम-आयन बॅटरीही गारठ्यात ढेपाळते, आणि शून्याखाली तिला चार्ज करू नये. म्हणून सियाचीन-लडाखसाठी बॅटरी दस्त्यात न ठेवता कोटाच्या आत, अंगाच्या उबेला ठेवून वायरने रेलला जोडायची सोय हवी. वायर अडकते, तिची कटकट असते, मान्य. पण एकच बॅटरी सगळ्यांना पोसत असेल तर ती गेली की सगळंच गेलं. यासाठी माझा आग्रह असा, की सामानातली स्वतःच्या सेलची सोय काढता कामा नये. आमचा खोटा सेल उपसून खरा टाकता येतो, दहा सेकंदांत, हातमोजे घालूनसुद्धा. स्टेपनी असल्याशिवाय आपण मुंबईला जात नाही, सीमेवर कसं जाणार?

वजनही वाढेल. प्रत्येक जवानाला ही रेल नकोच आहे. रात्रीची दुर्बीण, लेझर आणि टॉर्च तिन्ही वागवणाऱ्या घातक प्लाटूनपासून, म्हणजे पलटणीच्या निवडक हल्लेखोर तुकडीपासून, सुरुवात केली तरी पुरे. माहितीची वाट नंतर, आधी नुसती वीज.

आता आपल्याकडे मागणं. रेलवरचे ठिपके कुठे, व्होल्टेज किती, सामान ओळखायची पद्धत कोणती, चिमट्याचं माप काय, एवढंच भारतीय प्रमाण म्हणून ठरवा आणि ड्रॉइंग छोट्या कारखान्यांना बघायला मिळू द्या. नाटोचं घ्यायचं की आपलं करायचं हे एआरडीईतले लोक माझ्याहून चांगलं जाणतात. मोबाइलच्या चार्जरसाठी आपल्याच सरकारने टाइप-सी हे भारतीय मानक केलं. त्याआधी घराघरातल्या खणात पडलेल्या वायरींचा गुंता आठवा. उद्या सिगची रेल एक, कार्बाइनची दुसरी, दुर्बीणवाल्याची वायर तिसरीच, असं झालं तर मेहुण्याच्या ताटात चकलीऐवजी वायरी येतील.

दुसरं मागणं चाचणीचं. गेल्या वर्षी एका कार्यालयात नमुना घेऊन गेलो. साहेबांनी कौतुकाने हातात घेतला आणि विचारलं, स्पेसिफिकेशन नंबर काय? म्हटलं, अजून स्पेसिफिकेशनच नाही. मग चाचणी कशाच्या आधारे करणार? मी विचारलं, चाचणी झाल्याशिवाय स्पेसिफिकेशन कशाच्या आधारे लिहिणार? साहेब म्हणाले, तेही बरोबर आहे, आणि चहा मागवला. चहा चांगला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोशीच्या संरक्षण प्रदर्शनात माझ्यासारखे कितीतरी जण पिशवीत नमुने घेऊन हिंडत होते. वर्षातून चार दिवस पुण्यातल्या एखाद्या फायरिंग रेंजवर सैन्याच्याच माणसांनी, सैन्याच्याच रायफलीवर आमचं सामान लावून बघावं. आम्ही बाहेर बाकावर बसू. फुटलं तर फुटलं, निदान कुठे फुटलं ते कळेल.

माझ्याकडे खोट्या सेलचे तीन नमुने तयार आहेत, दोन टॉर्चचे आणि एक पेन्सिल सेलचा. सोबत ड्रॉइंग आणि ठोक्यांच्या नोंदीची वही देईन. पैसे नकोत. कोणत्या पत्त्यावर पाठवायचे, तेवढं आपल्या कार्यालयाने कळवावं.

आपला,
भोसरीतला एक लघुउद्योजक
पुणे