कागद सुटला, भिंतही सुटली

रेडिंग, इंग्लंड,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. तुझ्या तीन मेसेजना मी नुसता अंगठा पाठवला, त्याचा राग आला असणार. पण खरंच हाताला सवड नव्हती, आणि सवड झाली तेव्हा हात धड नव्हते. चुन्याने बोटं अशी फाटली आहेत की फोनला माझा ठसा ओळखू येत नाही. आज खोबरेल चोळून, कागद-पेन घेऊन बसलोय. रंगाच्या दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाच, मोठं पत्र आहे.

घराचे फोटो बघून तू म्हणाला होतास, "एवढे पौंड मोजून हे खुराडं?" खुराडंच आहे रे. १९०५च्या आसपासचं, लाल विटांचं, दोन्ही बाजूंच्या घरांना खांदा लावून उभं. या गावात पूर्वी हंटले अँड पामर्सचा बिस्किटांचा भलामोठा कारखाना होता. त्यात राबणारी माणसं असल्याच रांगांमध्ये राहायची. म्हणजे आपल्या भाषेत चाळच, फक्त आडवी घातलेली. बाहेरून मला आवडलं. आत मात्र प्रत्येक भिंतीला वुडचिप.

वुडचिप म्हणजे काय, तर दोन कागदांच्या मध्ये लाकडाचा भुसा भरून केलेला भिंतीचा कागद. साबुदाण्याची खिचडी भिंतीला थापून वर रंग मारला तर जशी दिसेल, तशी भिंत दिसते. मूळ शोध जर्मनीतला, ह्यूगो एरफुर्ट नावाच्या औषधविक्याने १८६४ साली लावलेला. इथे त्याची साथ आली ती गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत. स्वस्त, आणि भिंतीच्या भेगा, टेंगळं, सगळी पापं पोटात घेणारा. शेजारच्या आजी सांगत होत्या, त्यांच्या नवऱ्याने अख्ख्या घराला तो एका उन्हाळ्यात लावला आणि पुढची तीस वर्षं दर उन्हाळ्यात "काढू या" म्हणत राहिला.

मी म्हटलं, शनिवार-रविवारचं काम. आणलं भाड्याने वाफेचं यंत्र. मोठी किटली समज, तिला रबरी पाइप आणि पाइपाच्या टोकाला चपटी पेटी. ती पेटी भिंतीला अर्धा-एक मिनिट दाबून धरायची, वाफेने खळ सुटते, मग उलथणं घालून कागद सोलायचा. पुस्तकी कृती एवढीच. पण आमच्या कागदावर किमान सात-आठ वेळा प्लास्टिकसारखा चकचकीत रंग चढलेला. वाफ आत शिरायलाच तयार नाही. मग आधी दात्यांचं चाक फिरवून सगळ्या भिंतीला टोचे मारले. पहिल्या शनिवारी, आठ तासांत, दाराएवढा तुकडा सुटला. मृणाल चहा घेऊन आली, बघितलं, काही न बोलता गेली. तिचं हे न बोलणं तुला माहीत आहे.

वुडचिपखाली नारिंगी-तपकिरी फुलं निघाली, ताटाएवढी. त्याखाली एक हिरवा कागद. तो दिसल्यावर मात्र मृणाल बोलली, कारण तिने कुठेतरी वाचलं होतं की जुन्या हिरव्या कागदात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, असायचं. ते खरंच आहे. शेले नावाच्या रसायनतज्ज्ञाने १७७५ साली तांबं आणि सोमल मिसळून एक हिरवा रंग केला आणि पुढे शंभर वर्षं युरोपातल्या दिवाणखान्यांनी तो हौसेने मिरवला. पण आमचं घर उभं राहिलं तोवर ती हौस फिटली होती. तरी तिने मला मास्क लावायला लावला आणि मुलांना दोन दिवस त्या खोलीत येऊ दिलं नाही. बरंच झालं.

खरं भय दाराच्या चौकटींत होतं. तिथल्या जुन्या थरांत शिसं निघालं, तपासायच्या काडीने लालभडक रंग दाखवला. इथे शिशाचा रंग सर्रास विकायला १९९२ साली बंदी आली, पण लावलेला कोण काढतो? तो कोरडा घासायचा नाही, ओला करून घासायचा, म्हणजे धूळ उडत नाही. तुझ्या डब्यांमध्ये आता शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत असतं, २०१७ पासून कायदाच आहे, हे तू मला सांगू नकोस. मी बोलतोय ते आपल्या मधल्या आळीतल्या जुन्या दारांबद्दल. तुझी कामावरची पोरं तोंडाला फडकंही न बांधता पॉलिश पेपर मारत बसतात, मी गेल्या मे महिन्यात बघितलंय. त्यांना निदान ओलं घासायला सांग.

आता मुख्य गोष्ट. चिमणीच्या, म्हणजे धुराड्याच्या बाजूची भिंत सोलत होतो. कागदाचा मोठा पट्टा सुटला म्हणून मी खूश, तेवढ्यात त्याच्या मागोमाग गिलावा आला. हातभर रुंद, छातीपर्यंत. धाडकन. खोलीभर धूळ, आणि त्या धुळीत केस. घोड्याचे! इथे चुन्याचा गिलावा धरून राहावा म्हणून त्यात घोड्याचे केस घालायचे, आपल्याकडे ताग घालायचे तसे. मग मी बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत सुटलो. जिथे तिथे पोकळ वाजते. थोडक्यात, इतकी वर्षं भिंतीने कागद धरला नव्हता, कागदाने भिंत धरली होती.

एक गिलावेवाला आला, म्हणाला, सगळं पाडा, जिप्समच्या पाट्या ठोकू, दोन दिवसांत गुळगुळीत. दुसरा आला तो सत्तरीचा. त्याने भिंतीला हात लावला, वास घेतला आणि म्हणाला, हिला चुनाच पाहिजे. या घरांच्या भिंती नऊ इंची, भरीव, मध्ये पोकळी नाही. ओल आत येणारच. चुना ती शोषतो आणि सोडतो. वरून प्लास्टिकचा रंग चोपडला की ओल आत कोंडते आणि गिलावा सुटतो. तोच तर झाला होता उद्योग. मला म्हातारा पटला. त्याने पोकळ भाग चुन्यात भरून दिला. तीन आठवडे वाळू दिला आणि मग रंग मी करायचं ठरवलं. चुन्याचाच.

इथून पुढचं तुझ्यासाठी आहे.

भिंत आधी पाण्याने भिजवली. चुना दुधाएवढा पातळ केला, डब्यावर तसंच लिहिलं होतं. पहिला हात मारला आणि माझा चेहरा उतरला. काहीच दिसेना. भिंत ओली, करडी, खालचे सगळे डाग जसेच्या तसे. वाटलं, आपण नुसतं पाणीच फासलं. मनात आलं की दुसरा हात दाट घ्यावा. पण म्हाताऱ्याने बजावलं होतं, दाट लावशील तर तडकेल आणि हाताला पावडर लागेल. पातळच लाव, चार-पाच वेळा लाव. रात्री तसाच झोपलो. सकाळी खाली आलो तर भिंत पांढरी झालेली. चुना हवेतून कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि मग उजळतो, हे आपण आठवीत पाठ केलं होतं. बघितलं मात्र मी आत्ता.

आणि बाळ्या, मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसलो.

१९९१ची दिवाळी आठवते? तुझे अण्णा आमच्याकडे रंगाला आले होते. कळीचा चुना आदल्या रात्री पिंपात भिजवलेला, फडक्यातून गाळलेला, डिंकाचं पाणी, चिमूटभर नीळ. तू शिडी धरून उभा होतास आणि मी ओट्यावर बसून चिवडा खात होतो. संध्याकाळी माझे वडील, नाना, आले. ओल्या भिंतीकडे बघून म्हणाले, "रंगात निम्मं पाणी घातलंय." पन्नास रुपये कापले. अण्णा एवढंच म्हणाले, "उद्या बघा." दुसऱ्या दिवशी भिंत बर्फासारखी झाली होती. नानांनी बघितली. पन्नास रुपये काही निघाले नाहीत. तू तेव्हा दोन दिवस शाळेत माझ्या बाकावर बसला नव्हतास, तिसऱ्या दिवशी बसलास. आपण त्यावर कधीच बोललो नाही.

नाना आता नाहीत, आणि असते तरी त्यांनी मान्य केलं नसतं. वाईट माणूस नव्हते, पण रंगारी आणि शिंपी दोघेही चोरच, असं त्यांचं ठाम मत. त्यांना चुन्यातलं कळत नव्हतं. मला तर कशातलंच कळत नव्हतं, चिवडा सोडून.

हे अण्णांना सांगायचं की नाही, ते तू ठरव. उगाच जुनं उकरल्यासारखं वाटत असेल तर राहू दे.

पण एक गोष्ट त्यांना नक्की विचार. समोरच्या खोलीचे पाच हात झाले, मस्त झाली आहे, मुलं भिंतीला गाल लावून गारवा घेतात. फक्त चिमणीपाशी, जिथे वर्षानुवर्षं कोळशाचा धूर गेला, तिथे पिवळट-तपकिरी डाग पुन्हा पुन्हा वर येतात. तीनदा झाकले, तीनदा आले. आमच्या स्वयंपाकघरात चुलीमागची भिंत अशीच काळी होती आणि अण्णांनी चुन्याच्या आधी तिला काहीतरी राखाडी लावलं होतं. डाग परत आला नाही, आई नेहमी सांगायची. ते काय होतं? फोनवर नको, त्यांना ऐकू येत नाही आणि मग ते माझ्यावरच ओरडतात. तू समोर बसून लिहून घे आणि प्रमाणासकट पाठव. घाई नाही, जिना अजून अख्खा वुडचिपमध्येच आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिल्या