पिशवी ठेवून घेतलीत, ताई

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि वाचनालयाच्या संचालक मंडळात उगाच कुणाच्या पोटात दुखायला नको. पत्र मात्र चारचौघांत लिहितोय, कारण काही जणांनी ते वाचायलाच हवं.

मी पेंटर. सावदा-रावेरकडच्या केळीच्या ट्रकांवर नावं काढली, यावल-चोपड्याच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आलं आणि ब्रश सुकले. बायको गेली, घरभाडं थकलं, पुढची लांबड लावत नाही.

रस्त्यावरच्या माणसाला भूकच काय ती छळते असं लोकांना वाटतं. माझं पोट भरायचं. कुठं भंडारा असायचा, कुठं कुणी खिचडी वाटून जायचं, थंडीत ब्लँकेटं यायची आणि ब्लँकेटांबरोबर फोटो काढणारेही यायचे. जेवलात का, हे सगळे विचारायचे. दिवसभर काय करता, हे कुणी विचारलं नाही. झोपायला निवारा केंद्र होतं, पण सकाळ झाली की तिथून बाहेर काढायचे आणि दार उघडायचं ते दिवेलागणीला. मधला दिवस काढायचा कुठं? बाग दुपारी बंद. फलाटावर टेकलं की दांडकं. दवाखान्याच्या बाकावर बसलं की "पेशंट कोण?" मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा तर सावलीलाही मालक निघतो.

कामधंदा कर, असं सांगणारेही भेटले. मजूर अड्ड्यावर उभा राहायचो. मुकादम आधी पिशवीकडे बघायचा, मग माझ्या मागच्याला हाक मारायचा. पिशवी ठेवू कुठं? तिच्यात आधार कार्ड, दोन ब्रश, एक जोड कपडे, बायकोचा फोटो. नजरेआड केली की गेली. संडासला पिशवी, आंघोळीला पिशवी, रात्री तीच उशाला. एक हात कायमचा तिच्यात अडकलेला. अशा हाताने माणूस काय काम करणार आणि काय वाचणार?

तुमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका वाचनालयाची पायरी चढलो होतो. तिथले गृहस्थ माझ्या पिशवीशीच बोलले. "इथं सभासदच बसतात." सभासद व्हायला रहिवासाचा पुरावा लागतो म्हणे. त्यांच्या डोक्यावर साने गुरुजींची तसबीर होती, हार घातलेली.

तुम्ही नाव-गाव काही विचारलं नाहीत. मी दाराशी घुटमळत होतो, तुम्ही खुर्चीवरून उठलात, हात पुढे केलात आणि म्हणालात, "नाना, पिशवी आठे ठेवा. मी आठेच शे." मला वाटलं, आता कोपऱ्यात झाडूपाशी टाकाल. तुम्ही ती टेबलाखाली, तुमच्या जेवणाच्या डब्याला लागून ठेवलीत. ते मी बघितलं, ताई. माझ्या पिशवीला वास येत होता हे मला ठाऊक आहे.

मग मी दोन्ही हातांनी पेपर धरला. पहिलं पान वाचलं, अग्रलेख वाचला, बाजारभाव वाचले, केळीचा भावसुद्धा वाचला, जसा काही माझा घड कापायला आला होता. मध्ये उठून पाणी प्यायलो, रिकाम्या हाताने. परत आलो तर जागा तशीच होती.

चांगुलपणा करायला संस्था लागते, पावतीपुस्तक लागतं, पाहुणे लागतात असा आपल्याकडे समज झाला आहे. तुमच्याकडे एक टेबल होतं, तेही डुगडुगणारं.

तुमच्याच टेबलावर वाचलं की शहरी बेघरांसाठी केंद्राने २०१३ मध्ये योजना काढली होती. लाख वस्तीमागे किमान शंभर जणांना निवारा, बारा महिने, चोवीस तास उघडा. चोवीस! आमच्या केंद्राच्या व्यवस्थापकांनी घड्याळ कुठल्या दुकानातून आणलं होतं कोण जाणे.

कपाटांच्या पाट्या मी तुमच्याकडे मागून घेतल्या. तुम्ही काम काढून दिलं नाहीत, म्हणून त्याचं जास्त वाटलं. 'चरित्र' मधला 'त्र' बघून एका आजोबांनी विचारलं, हा हात कुणाचा? तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. आता ते त्यांच्या नातवाच्या पिठाच्या गिरणीची पाटी माझ्याकडून करून घेताहेत. पत्र्यावर, ऑइल पेंटने.

आता एक काम हक्काने सांगतो. नगरपालिकेतले ते साहेब दिवाळी अंक न्यायला तुमच्याकडे येतात. त्यांच्या कानावर घाला, निवाऱ्यात कुलूप लागणारे कप्पे बसवा म्हणावं, साधे पत्र्याचे चालतील. कप्प्यांवरचे आकडे मी काढून देतो, मजुरी घेणार नाही. रंग मात्र त्यांनी आणायचा, आणि चांगल्या कंपनीचा आणायचा.

तुमचा,
नाना पेंटर