खुले पत्र: मंत्रिमहोदय, आमचा माल कुठल्या रकान्यात बसवू?

मा. उद्योगमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

हरित साहित्याच्या प्रदर्शनात आपण आमचं ताग आणि पॉलिप्रॉपिलीनचं पॅनेल हातात घेऊन छायाचित्र काढलंत आणि यंत्रांसाठी अनुदानाचा शब्द दिलात. काल आपल्या खात्याचं पत्र आलं. अर्ज नामंजूर, कारण माल 'प्लास्टिक' या रकान्यात मोडतो. काचतंतू आणि इपॉक्सी (तंतू चिकटवून घट्ट होणारं रेझिन) वापरणारे मात्र 'प्रगत साहित्य' म्हणून पात्र!

पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच आहे, कोण नाही म्हणतंय? पण इपॉक्सी एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. म्हणूनच पवनचक्क्यांची जुनी पाती कित्येक ठिकाणी जमिनीत पुरतात. आमचं पॅनेल तुकडे करून पुन्हा साच्यात घालता येतं. तंतू तुटून ताकद थोडी घटते, एवढंच. मोटारींच्या दारांच्या आतल्या बाजूला असं साहित्य कधीचंच आहे. 2022 साली युरोपात 62 मीटरचं पवनचक्कीचं पातंसुद्धा थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवलं की पुन्हा वितळणाऱ्या, रेझिनमध्ये बनलं. आपला तक्ता बहुधा त्याआधी छापलेला असावा.

पत्रात 'उत्पादनप्रक्रिया अकार्यक्षम' असाही शेरा आहे. शेरा मारणाऱ्या साहेबांनी पॅनेल दाबायची प्रेस पाहिली आहे का? साचा दरवेळी तापवून थंड करण्यात वीज आणि वेळ जातो, म्हणून आम्ही ताग आणि पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंची गादी वेगळ्या भट्टीत तापवतो आणि थंड साच्यात दाबतो. नग मिनिटाच्या आसपास बाहेर पडतो. इपॉक्सी घट्ट व्हायला अनेकदा तास लागतात. पॉलिप्रॉपिलीन 165 अंशांच्या आसपास वितळतं आणि 200 च्या पुढे ताग करपायला लागतो. काम करायचं ते एवढ्याच फटीत, आणि नेमकी तेव्हाच न सांगता वीज जाते. गाद्या भट्टीत अडकून तपकिरी पडतात, शेडभर जळका वास सुटतो. वीजबिल मात्र वेळेवर येतं. त्या खात्याची कार्यक्षमता वादातीत आहे.

आपल्या शब्दावर राहतं घर तारण ठेवून मी प्रेस घेतली. आता रात्रपाळी बंद आहे. हाताखाली तयार केलेली पोरं हिशेब मागायला दारात उभी राहतात आणि मी मागच्या दाराने बाहेर पडतो. तागाच्या गासड्या ओल धरताहेत. तो ताग नीट न वाळवता दाबला तर वाफेने पॅनेल फुगतं, आणि वाळवायला पुन्हा वीजच लागते. घरात आता कुणी काही विचारत नाही.

मागणी साधी आहे: रकाना बदला आणि लहान कारखान्यांना परवडेल अशी चाचणीची सोय करा. पण आपल्याकडे रकाना बदलायला समिती लागते, समितीला उपसमिती, आणि तोवर अधिकाऱ्याची बदली होते. दहातले नऊ अर्ज असेच मरतात, असं आमच्या धंद्यात सगळेच बोलतात. खोटं असेल तर खरा आकडा छापा. मोठ्यांचे अर्ज कुठल्या खिडकीतून जातात, तेही छापा. 'एक खिडकी' योजनेतली ती खिडकी आम्हाला अजून सापडलेली नाही.

फेरविचाराचा अर्ज सोबत जोडला आहे. तो कोणत्या टेबलावर अडेल, तेवढं आधीच कळवलंत तर थेट तिथेच येऊन बसेन.

आपला,
एक लघुउद्योजक