चिऱ्याच्या चर्चला सिमेंट सोसत नाही

संपादक महोदय,

पाऊस सरला की गोव्यात गावोगावच्या जुन्या चर्चवर परांच्या चढतात. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाला, भिंती पांढऱ्याशुभ्र दिसाव्यात ही इच्छा रास्तच, पण त्यापायी दिला जाणारा सिमेंटचा गिलावा आणि वरचा प्लास्टिक पेंट या इमारती पोखरतो आहे.

यांच्या जाड भिंती बहुधा चुन्यात रचलेल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चिरा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पितो, उन्हाळ्यात सोडतो. चुन्याचा गिलावा ही ये-जा चालू देतो. सिमेंटला मात्र केसाएवढ्या भेगा पडतात, तिथून पाणी आत शिरते आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. खार आतच साचतो, फुगतो, दगडाचा भुगा करतो. बोटाच्या पेराने ठोकून पाहा. आवाज पोकळ आला, तर तो पापुद्रा पडताना चिऱ्याची सालही घेऊन पडणार.

‘मूळ दगड दिसू द्या’ ही हौस त्याहून वाईट. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चचा गिलावा १९५०च्या दशकात उतरवला गेला. तेव्हापासून तिथला चिरा उघड्यावर झिजतो आहे. १६०५ साली अभिषेक झालेल्या या वास्तूच्या दर्शनी कोरीव कामासाठी वसईहून काळा दगड आणला होता, कारण चिऱ्यावर बारीक नक्षी टिकत नाही. म्हणजे चिरा झाकायचाच असतो, हे बांधणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

चुन्याचा गिलावा द्यायचा, तर कळीचा चुना विरवून किमान महिनाभर पाण्याखाली मुरू द्यावा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू. समुद्राची नको, तिच्यात मीठ असते. भिंत भिजवून साधारण दहा मिलिमीटरचा थर द्यावा, तो आवळल्यावरच दुसरा. जाड थर तडकतो. वर ओले गोणपाट टांगावे, नाहीतर उन्हाने भराभर सुकून गिलाव्याची भुकटी होते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्याला फेस्ताची तारीख कळत नाही. फेस्त डिसेंबरात असेल, तर यंदा नुसती सफेदी करावी आणि गिलावा नंतर घ्यावा.

त्याआधी छपरावर माणूस चढवा. छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैचीचे टोक भिंतीत शिरते तिथे फुटक्या कौलातून पाणी झिरपते आणि लाकूड आतून कुजते. टोचा खुपसून पाहावा. सहज आत गेला, तर आधी सुतार, मग गवंडी.

एक वाचक, गोवा