उंदीर मारण्याआधी त्याची वाट बुजवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

भातकापणी उरकत आली की कोकणात उंदीर घराकडे वळतात. शेतातले दाणे संपत येतात आणि नेमकी त्याच वेळी पडवीत भाताची पोती लागतात, परसात पेंढ्याची उडवी उभी राहते. मग लोक बाजारात जातात आणि चिकट पुठ्ठा नाहीतर विषाची पेस्ट घेऊन येतात. या दोन्ही वस्तू घरात येऊ नयेत आणि त्यांच्यावाचून काही अडतही नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी आलेला प्राणी कोण ते ओळखावे. लहान घरउंदराची लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून बारीक, टोकांना निमुळती असते. पालीची लेंडीही लांबून तशीच दिसते, पण तिच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो. लेंडी अर्ध्या इंचाची असेल तर तो कौलांवरून उतरणारा मोठा उंदीर, आणि अंगणात मातीचा ढीग उपसलेला असेल तर घूस. भिंतीच्या कडेने चिकचिकत जाणारी, लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री तर उंदीर नव्हेच. ती झुरळे खाते. दार उघडून तिला बाहेर जाऊ द्यावे.

लहान उंदराला आत यायला सहा-सात मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे जिथे पेन्सिल शिरते तिथून तो शिरतो. वाट सापडत नसेल तर रात्री निजताना भिंतीलगत रांगोळीचा पातळ थर चाळणीने पसरावा. सकाळी त्यात पावले आणि शेपटीची रेघ उमटलेली दिसते. एखादे भोक वापरात आहे का हे पाहायचे तर त्यात कागदाचा सैल बोळा कोंबावा. सकाळी बोळा बाहेर पडलेला असेल तर ती वाट चालू आहे.

कौलारू घरात सगळ्यात जास्त फसवणारी जागा म्हणजे जांभ्या चिऱ्याच्या भिंतीचा माथा. तिथे वासे टेकतात आणि कौलाच्या पन्हळीखाली पोकळी राहते. चिरा खडबडीत असल्याने उंदीर भिंतीवरून सहज वर चढतो. मोरीचे तोंड, नळ आणि वायर आत येते ते भोक, दाराखालची फट हेही पाहावे. फ्रिज पुढे ओढून मागे नजर टाकावी, कारण कॉम्प्रेसरच्या उबेला चिंध्या आणि कागद कुरतडून केलेले घरटे अनेकदा तिथेच मिळते.

भोके बुजवताना चिंधी, लाकडाचा तुकडा किंवा नुसता फोम वापरू नये. उंदीर तो एका रात्रीत कुरतडतो. भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची घासणी भोकात घट्ट कोंबून वरून एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळूचा गिलावा द्यावा. घासणी साध्या लोखंडी तारेची घेतली तर खाऱ्या हवेत तिचा भुगा होतो. मोरीला आणि माथ्याच्या पोकळीला लावायची जाळी सहा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची हवी. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी इथे निरुपयोगी, तिच्यातून उंदीर आरपार जातो. दाराला खालून ॲल्युमिनियमची पट्टी ठोकावी. मात्र क्रम चुकवू नये: बाहेरून येणारी भोके आधी बुजवावीत आणि घरातल्या घरात फिरण्याची भोके आठवडाभर चापात काही सापडले नाही की मगच. नाहीतर उंदीर भिंतीत कोंडून मरतो आणि घर दिवसेंदिवस घाण मारते.

आत राहिलेल्या उंदरासाठी लाकडी खटक्याचा चाप उत्तम. लोक एकच चाप मांडतात आणि ‘उंदीर हुशार झालाय’ म्हणतात. खरे कारण वेगळे आहे. लहान उंदीर घरट्यापासून फार लांब जातच नाही, सहसा तीन ते दहा मीटर. त्यामुळे एका स्वयंपाकघरात पाच-सहा चाप हवेत, दोन-दोन मीटरवर. चाप भिंतीशी काटकोनात ठेवावा आणि आमिषाची बाजू भिंतीला टेकवावी, कारण उंदीर भिंतीला अंग घासत धावतो. आमिष हरभऱ्याच्या डाळीएवढेच लावावे. मोठा तुकडा तो कडेने कुरतडतो आणि खटका पडत नाही. सुकटीचा दाणा किंवा भाजलेले खोबरे दोऱ्याने पट्टीला बांधावे. मुंग्या लागत असतील, आणि आपल्याकडे त्या लागतातच, तर आमिषाऐवजी कापसाचा छोटा बोळा बांधावा. घरटे करणारी मादी तो ओढायला येते. पावसाळी हवेत खटका अडकू लागला तर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सांध्यावर सोडावा. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून त्याच्यासाठी चाप काही दिवस आमिष लावून पण न ताणता ठेवावा लागतो. लहान उंदराला ती वाट पाहावी लागत नाही.

मारायचे नसेल त्यांनी पिंजरा लावावा, पण तो सकाळ-संध्याकाळ पाहावा. पकडलेला उंदीर पिंजऱ्यासकट पाण्यात बुडवणे क्रूरपणाचे आहे. अंगणाच्या कडेला सोडलेला मात्र पुन्हा घरातच येतो.

चिकट पुठ्ठ्यावर उंदीर तासन्‌तास तडफडतो, आणि पाली, पाखरे, सापाची पिल्लेही अडकतात. असा प्राणी दिसला तर खाद्यतेल लावून थोडे थांबावे आणि हळूहळू सोडवावा. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर याहून भयंकर. ती टूथपेस्टसारख्या ट्यूबमध्ये येते, तिच्यावर उतारा नाही, आणि पोटात गेल्यावर माणूस मधे बरा वाटून नंतर यकृत निकामी होऊन दगावू शकतो. मेणाच्या वड्यांतले रक्त पातळ करणारे विष कित्येक दिवसांनी मारते. तोवर तो सुस्त उंदीर मांजर किंवा गव्हाणी घुबड उचलते आणि विष त्यांच्या अंगात जाते. उंदीर खाणारी धामण आणि घुबड आपणच मारून वर उंदरांची तक्रार करणे थांबायला हवे.

साफसफाईत हयगय नको. उंदराच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार, पसरतो. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. हातमोजे घालून एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा, सुमारे 15 ग्रॅम, ताजी ब्लीचिंग पावडर मिसळून ते पाणी ओतावे, दहा मिनिटांनी पुसावे. दमट हवेत उघडी राहिलेली पावडर निकामी होते. ती संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नये, विषारी वायू होतो. ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत कळा असतील तर घरगुती उपायांत दिवस न घालवता आरोग्य केंद्र गाठावे आणि घरात उंदीर असल्याचे किंवा चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

उंदराची विषे 1968च्या कीटकनाशक कायद्याच्या कक्षेत येतात. तरी त्या ट्यूब आठवडा बाजारात बिस्किटांशेजारी मांडलेल्या असतात. ग्रामपंचायतींनी ही विक्री थांबवावी. हार्डवेअर दुकानदारांनी बारीक छिद्रांची स्टेनलेस जाळी आणि लाकडी चाप भातकापणीच्या आधीच मागवून ठेवावेत.

आपले नम्र,
काही वाचक, दापोली तालुका